सकाळी सातचा आकडा

बर्फ मोजायला काय अक्कल लागते, असं लोकांना वाटतं. अंगणात जायचं, पट्टी खुपसायची, आकडा वाचायचा. अशा लोकांशी मी वाद घालत नाही. फक्त त्यांचे आकडे मानत नाही.

बर्फ मोजायची एक फळी असते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद प्लायवूड, पांढऱ्या रंगाने रंगवलेलं, झाडांपासून आणि भिंतीपासून लांब उघड्यावर ठेवलेलं. तिच्यावर पडलेल्या बर्फात पट्टी सरळ उभी धरायची आणि इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचायचं. मग फळी पुसून पुन्हा जागेवर ठेवायची. सहा तासांत एकदाच पुसायची, त्याहून जास्त वेळा नाही. कारण नुकता पडलेला बर्फ फुगलेला असतो, नंतर तो आपल्याच वजनाने दबतो. दर तासाला पुसून बेरीज करणाऱ्याचे दहाचे चौदा होतात. आणि पट्टी जरा तिरकी धरली तर आभाळाला कष्ट न देता आणखी एखादा इंच पदरात पडतो. ही दोन्ही पापं दुधात पाणी घालण्याइतकीच वाईट आहेत, आणि दुधातलं पाणी मला कळतं. एकतीस वर्षं मी हार्लो मिल्सच्या डेअरीत दूध तपासायला होतो. समोर कॅन ठेवताना शेतकरी माझ्या नजरेला नजर देत नसत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आमचा एक कट्टा आहे, कॉम्प्युटरवरचा. व्हरमाँटच्या उत्तर भागातले पन्नासेक बर्फवेडे त्यावर बसलेले असतात. कुणी मास्तर, कुणी नर्स, कुणी ट्रकवाला. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. उन्हाळ्यात चार-पाच जण उरतो आणि उकाड्याला शिव्या घालतो. नोव्हेंबर लागला की कट्टा भरतो, आणि रोज सकाळी सात वाजता ज्याने त्याने आपल्या फळीवरचा आकडा टाकायचा, हा नेम. माझा असा असतो: "फर्नांड गॅन्यो, हार्लो मिल्स, ६१० फूट." फूट म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, पुढे आकडा.

माझा धाकटा भाऊ लुसियनही त्याच कट्ट्यावर आहे. "लुसियन गॅन्यो, टूथेकर हिल, १९२० फूट." मी नदीकाठी राहतो, तो डोंगरावर. रस्त्याने सात मैल. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

झालं होतं असं, की त्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर वादळ आलं. माझ्या फळीवर सहा इंच पडला. लुसियनने आकडा टाकला, तेवीस. आता डोंगरावर जास्त पडतो हे शेंबडं पोरही सांगेल. पण कट्ट्यावरचीच बेव्ह टॅट्रो पंधराशे फुटांवर राहते, तिच्याकडे बारा होता. सहा, बारा आणि एकदम तेवीस? माझ्यातला दूध तपासणारा जागा झाला. कट्ट्याचा वर्षभराचा तक्ता तेव्हा मीच ठेवायचो. मी तेविसावर रेघ मारली आणि सगळ्यांसमोर लिहिलं, "टूथेकर हिलवर दर तासाला फळी पुसतात, नाहीतर तिथल्या पट्टीची पाठ वाकलेली आहे. हा आकडा मी धरणार नाही."

लोक हसले. दोघं-तिघं अजूनही वाकलेल्या पट्टीचा विनोद करतात. लुसियनने एकच ओळ लिहिली: "विहिरीतल्या बेडकाने डोंगराची उंची सांगू नये." त्यानंतर त्याने कट्ट्यावर एक शब्द लिहिला नाही. नाव, गाव, उंची, आकडा. बस्स.

माझी बायको कोलेट तेव्हा म्हणाली होती, "वर जाऊन बघून ये की. सातच मैल तर आहेत."

"बर्फ वितळला आता," मी म्हणालो. "बघू काय?"

"भावाला बघ."

मी गेलो नाही. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, त्यातली गत. पुढे कोलेट गेली, त्याला आता सहा वर्षं झाली. लुसियन चर्चमध्ये आला, सगळ्यात मागच्या बाकाशी उभा राहिला, आणि मी वळून बघेपर्यंत निघून गेला. त्या दिवशीही सकाळी सातला त्याचा आकडा होता. शून्य पूर्णांक चार.

मुलगी ॲरिझोनात असते. मला निवडुंगाचे फोटो पाठवते. "बाबा, इकडे या ना, इकडे बर्फाचं नाव नाही," म्हणते. मग मी तिथे येऊन करू काय, ते मात्र सांगत नाही.

तर सांगायचं असं, की अकरा वर्षं मला भावाची खुशाली त्या आकड्यावरून कळत होती. सात वाजून एक मिनिटाने आला, म्हणजे बरा आहे. सात वीसला आला, म्हणजे रात्री जरा जास्त झालेली आहे. शून्य असला तरी चालायचं. शून्य टाकणारा माणूस उठलेला असतो, बूट घालून अंगणात जाऊन आलेला असतो. तो आकडा दिसल्यावरच मी कॉफी ओतायचो. अकरा वर्षांत गार कॉफी प्यायची वेळ फारशी आली नाही.

यंदा नऊ मार्चला आकडा आला नाही.

दहालाही नाही. कट्ट्यावर कुणीतरी लिहिलं, डोंगरावरचं इंटरनेट गेलं असेल. कुणी म्हणालं, गॅन्योची पट्टी शेवटी मोडली वाटतं. मी काही लिहिलं नाही. दोनदा फोन केला. वाजत राहिला. मीच असणार हे ओळखून उचलत नसेल, असं मी धरलं, आणि तसं धरणं मला सोयीचं होतं. तिसऱ्यांदा केला नाही. गाडी काढून वर जायला काय लागत होतं? अर्धा तास. पण गेलो आणि तो दारात धडधाकट उभा राहून "काय काम काढलंस?" म्हणाला, तर? या वयात तेवढं ऐकून सात मैल परत उतरायची माझी तयारी नव्हती. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे ते असं.

मार्च संपत आला. खाली बर्फ जाऊन चिखल झाला, रस्त्याकडेच्या मेपलच्या झाडांना पाकासाठी रस गोळा करायच्या बादल्या लागल्या. कट्टा पेंगुळला होता. आणि तीस तारखेला वेंडेल स्टिट्टने विषय उघडला: "चार एप्रिल. बघा रे जरा."

वादळाचा विषय कुणी उघडायचा यावर आमच्याकडे भांडणं होतात. पनवती माणसाने उघडला की वादळ समुद्रात जातं, हे सगळ्यांना अनुभवाने माहीत आहे. वेंडेल कॉलेजात हवामान शिकवायचा, त्याचा हात चांगला. तासाभरात पेंगुळलेला कट्टा खडबडून जागा झाला. हवामानाचा अंदाज काढणारं युरोपियन मॉडेल वीस इंच दाखवत होतं, अमेरिकन मॉडेल नुसता पाऊस. वीस इंचवाले आणि पाऊसवाले लगेच एकमेकांच्या उरावर बसले.

बेव्हने मला फोन केला. ती पोस्टात असते, आणि पोस्टात असल्यामुळे तिला सगळ्यांचं सगळं विचारायचा हक्क आहे असं तिला वाटतं.

"फर्न, मी गाडीचे हिवाळी टायर काढून टाकले," ती म्हणाली.

"कशाला? चार तारखेला येतंय ना?"

"म्हणून तर! टायर काढले की येतंच. गेल्या वेळी नाही काढले आणि गेलं ना बोस्टनवाल्यांकडे? त्यांना बर्फ कुठे ठेवायचा तेही कळत नाही."

"तू आणि तुझे टायर."

"बरं, ते जाऊ दे. लुसियनला विचारलंस का काही?"

"आमचं बोलणं नाही. तुला माहीत आहे."

"तुमचं नाही ते मला माहीत आहे रे. सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मी विचारतेय, विचारलंस का?"

मी म्हणालो, दूध उतू जातंय. गॅसवर काहीच नव्हतं. बेव्ह म्हणाली, "जाऊ दे उतू," आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे चार दिवस मी कॉम्प्युटरसमोरून हललो नाही म्हटलं तरी चालेल. युरोपियन मॉडेलचं नवं चित्र दुपारी दोनच्या सुमाराला येतं. दीड वाजल्यापासून सगळे कट्ट्यावर हजर. एकतीसला चित्र आलं: अठरा इंच. कट्ट्यावर आनंदीआनंद. एक तारखेला आलं: वादळ शंभर मैल पूर्वेला, समुद्रात, आमच्या वाट्याला वारा. कट्ट्यावर सुतक. बेव्हला लोकांनी सांगितलं की टायर परत लाव आणि परत काढ.

बाकीच्यांचा जीव बर्फासाठी तुटत होता. मलाही बर्फ हवा होता, नाही कशाला म्हणू? पण माझा हिशोब वेगळा होता. मी मनाशी ठरवलं होतं, की असं वादळ डोंगरावर आलं आणि लुसियन हिंडता-फिरता असला, तर तो मोजल्याशिवाय राहणार नाही. इंटरनेट नसेल तर कुणाच्या घरी जाऊन टाकेल, माझ्यावर राग असेल तर मला खिजवायला टाकेल, पण पाच तारखेला सकाळी सातला आकडा टाकेल. आकडा आला, तर माझा भाऊ आहे. नाही आला, तर मग मला कळून चुकेल, आणि त्यापुढे काय ते मी ठरवलेलं नव्हतं. वादळ समुद्रात गेलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं. म्हणून ते यावं यासाठी नवस बोलायचं तेवढं बाकी राहिलं होतं. सत्तरीला आलेला माणूस दुपारी दोन वाजता पडद्यावरच्या निळ्या डागाला म्हणतोय, "ये बाबा, जरा इकडे सरक."

दोन तारखेला ते सरकलं. तीनला आणखी. वेंडेलने लिहिलं, "दरीत कमी, डोंगरावर घसघशीत. सगळा खेळ उंचीचा आहे." कुणीतरी खाली लिहिलं, "टूथेकर हिलवर तेवीस पडणार, वाकडी पट्टी तयार ठेवा." खाली पाच-सहा हसणारे चेहरे. अकरा वर्षांपूर्वी तो विनोद मीच केला होता, आता तो थांबवायचाही मीच होतो. मी काही लिहिलं नाही.

चार तारखेला संध्याकाळी आठला सुरू झालं. माझ्याकडे हवा गोठणबिंदूच्या एक अंश वर, त्यामुळे आधी पाऊस, मग ओला, जड, भाताच्या पेजेसारखा बर्फ. मी फळी पुसून आलो आणि झोपलो. झोपलो म्हणजे आडवा झालो.

सकाळी सातला माझ्या फळीवर चार पूर्णांक आठ. मी आकडा टाकला. बेव्हने टाकला, अकरा पूर्णांक दोन, आणि पुढे तीन उद्गारचिन्हं आणि टायरची गोष्ट. वेंडेलने टाकला. एकेक करून सगळ्यांनी टाकले. सात एक झाले. सात वीस झाले. मी पडदा पुन्हा पुन्हा ताजा करत होतो, जसं काही आकडा तिथे आहे आणि मशीन दाखवायला आळस करतंय. आठला पाच कमी असताना बेव्हने लिहिलं, "टूथेकर हिल?" त्याच्याखाली कुणी काही लिहिलं नाही. विनोदसुद्धा नाही.

कॉफी मी ओतलीच नव्हती. पट्टी खिशात टाकली, बर्फात चालायचे जाळीदार बूट गाडीत टाकले आणि निघालो.

नदीवरच्या पुलापर्यंत रस्ता नुसता ओला होता. पुलानंतर चढ लागला आणि बर्फ वाढत गेला. हजार फुटांवर गवत दिसेना. दीड हजारावर कुंपणाचे खांब फूटभर बुडाले होते. हे सगळं मला आकड्यांत पाठ होतं, पण या चढावर वादळानंतरच्या सकाळी मी आयुष्यात कधी आलो नव्हतो. वादळानंतरच्या सकाळी मी नेहमी माझ्या फळीपाशी असतो. शेवटच्या मैलाला बर्फाखाली चिखल, गाडी रुतली. मी उतरून बूट बांधत होतो तेवढ्यात वरून बर्फ ढकलणारा ट्रक आला. खिडकी खाली झाली. आतला माणूस एल्डन प्रू, लुसियनचा शेजारी. अंगाला मेपलच्या पाकाचा वास.

"तू खालचा गॅन्यो ना?" तो म्हणाला. "आकडेवाला?"

"लुसियन कुठाय?"

त्याने इंजिन बंद केलं. "तुला माहीत नाही?"

माझे हात बुटाच्या बंदावर तसेच राहिले. मी म्हणालो, "सांग."

"अरे, आहे, आहे. घाबरू नकोस. पडला तो. मार्चच्या सुरुवातीला. सकाळी मोजायला निघाला आणि मागच्या पायऱ्यांवर घसरला. खुब्याचं हाड गेलं. दोन तास तसाच पडला होता. मी रस्ता साफ करायला आलो म्हणून दिसला, नाहीतर गोठला असता. पट्टी हातात घट्ट, सोडायला तयार नाही. ऑपरेशन झालं. आता खाली शहरात म्हाताऱ्यांच्या होममध्ये आहे, चालायला शिकवतायत."

"मला कुणी कळवलं नाही."

"हॉस्पिटलात विचारलं त्याला, जवळचं कोण? म्हणाला, कुणी नाही. मी म्हटलं, अरे गाढवा, भाऊ आहे ना तुला खाली. तर म्हणतो, त्याला सांगून काय उपयोग? त्याने स्वतः मोजलेलं नाही ते तो मानत नाही."

मी खाली बघून बंद बांधले. दोन्ही बुटांचे. एल्डन बिचारा थांबून राहिला.

"चल, वर सोडतो," तो म्हणाला. "तसाही त्याच्या फळीकडे कुणीतरी बघायला हवं. काल संध्याकाळी होममधून फोन केला पठ्ठ्याने. मोठं येतंय, सात वाजता फळी पुसून ठेव. ठेवली. म्हटलं, रात्री पुन्हा पुसू का? असा ओरडला माझ्यावर! 'सहा तासांच्या आत हात लावलास तर बघ! जमत नसेल तर मध्ये पुसूच नकोस, सकाळी एकदा मोज.' आता मी मोजू की रस्ते काढू? तुम्हा लोकांना दुसरे उद्योग नाहीत."

घराच्या धुराड्यातून धूर नव्हता. मागच्या अंगणात, झाडांपासून लांब, उघड्यावर, लाल फडकं बांधलेली एक काठी उभी होती. काठीच्या पायाशी फळी असते. आम्ही सगळे असंच करतो, नाहीतर सापडत नाही. जाळीदार बूट घालूनही मी गुडघ्यापर्यंत जात होतो. शेवटचे दोन हात मी वाकून, बर्फ न हलवता पुढे सरकलो. पट्टी काढली, उभी धरली, आत सारली. फळीला लागल्याचा आवाज आला.

साडेएकवीस.

मी पट्टी काढली आणि दुसऱ्या कोपऱ्यात घातली. एकवीस पूर्णांक चार. तिसऱ्या जागी, एकवीस पूर्णांक सहा. माझीच पट्टी, माझाच हात, माझेच डोळे. रात्रभर कुणी पुसलेली नव्हती. सगळा बर्फ आपल्या वजनाने दबून साडेएकवीस होता. सहा-सहा तासांनी नेमाने पुसून मोजला असता तर तेविसाच्याही वर गेला असता. आणि खाली माझ्याकडे पाच इंचही नाही. बेव्हकडे अकरा.

अकरा वर्षांपूर्वी तो खरं बोलत होता. डेअरीत एकतीस वर्षांत मी पाच-सहा जणांना चोर ठरवलं असेल, आणि ते चोर होतेही. हा नव्हता. हे कळायला मला फक्त सात मैल यायचं होतं. मी तिथे बर्फात उभा राहून रडलो. एल्डन ट्रकमधून दुसरीकडे बघत होता, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

किल्ली कुठे असते ते त्यानेच सांगितलं, रसाच्या पालथ्या बादलीखाली, आणि होमचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. "मी जातो," तो म्हणाला, "भट्टीवर पाक चढवलाय, करपेल. संध्याकाळी तुझी गाडी ओढून काढू." आणि गेला.

घरात माझ्या श्वासाची वाफ दिसत होती. स्वयंपाकघरात टेबलावर एक कप, त्यात सुकलेली कॉफी. नऊ मार्चची असणार. भिंतीवर जुना तारेचा फोन. इथेच तो दोनदा वाजत राहिला होता, या कपाजवळ. फोनशेजारी बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं, मार्चचं पान वर. रोजच्या चौकोनात पेन्सिलीने दोन आकडे. आधी वाटलं सकाळचा आणि संध्याकाळचा. मग सहा तारखेचा आकडा ओळखीचा वाटला, आणि पाचचा, आणि चारचा. वरचा आकडा त्याचा होता. खालचा माझा. मी मागची पानं उलटली. फेब्रुवारीतही तसंच, जानेवारीतही तसंच. जानेवारीत एकदा मला ताप होता आणि मी सात ऐवजी नऊला आकडा टाकला होता. त्या चौकोनात खालच्या आकड्याशेजारी त्याने लिहिलं होतं, "उशीर. का?"

मी खुर्ची ओढून बसलो. मग एल्डनने दिलेल्या चिठ्ठीवरचा होमचा नंबर फिरवला.

एका बाईने उचलला. "कोण बोलतंय?"

"लुसियन गॅन्योंना द्या जरा. मी त्यांचा भाऊ."

"भाऊ?" ती म्हणाली. "त्यांच्या कागदावर तर असं कुणी..."

"नसेल. तरी द्या."

बऱ्याच वेळाने खरखर झाली. मागे टीव्ही चालू होता. तिथलं हवामान सांगणारा शहरात किती पडला ते सांगत होता.

"बोल एल्डन," लुसियन म्हणाला. कोणाचा फोन ते बाईने सांगितलेलं दिसत नव्हतं. आवाज बारीक झाला होता. आमचे वडील शेवटी बोलायचे तसा. "किती?"

"साडेएकवीस," मी म्हणालो.

 टीव्हीवर जाहिरात लागली.

"तुझ्या फळीवर," मी म्हणालो. "तीन ठिकाणी मोजला. मध्ये कुणी पुसलेली नाही. साडेएकवीस इंच, लुसियन."

त्याने कुणाला तरी टीव्ही बंद करायला सांगितलेलं ऐकू आलं. मग तो म्हणाला,

"पट्टी सरळ धरली होतीस का?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. पट्टी मी फळीपाशीच विसरलो होतो. काठीशेजारी, बर्फात, उभी होती.

"हो," मी म्हणालो. "आणि तूही धरली होतीस. त्या वर्षीही. माझं चुकलं. मी आज सगळ्यांसमोर लिहिणार आहे, पण आधी तुला सांगतो. माझं चुकलं रे."

 त्याचा श्वास ऐकू येत होता, माझा त्याला येत असेल. फोन कुणीच ठेवला नाही. स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलेलं होतं, त्यामुळे किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, आणि मी असं कधी म्हणत नाही.

"फळी पुसलीस का?" त्याने शेवटी विचारलं.

"नाही अजून."

"मोजून झाल्यावर पुसायची असते. अजून पडतोय ना तिथे? एक वाजता पुन्हा मोजावा लागेल."

"पडतोय. बारीक."

"मग फोन असाच टेबलावर ठेव आणि पुसून ये," तो म्हणाला. "पायऱ्यांवरून जपून जा. मी थांबतो."